गनियारीचा क्रमांक

'बहम्नी' नावाची एक संगणकप्रणाली आहे. रुग्णालयातली नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळा, औषधं, बिल, एक्स-रे, सगळं तिच्यावर चालतं, आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. कितीतरी नवखे प्रोग्रॅमर या प्रणालीशी पहिली ओळख करून घेतात ती अशीच: घरच्या लॅपटॉपवर ती बसवायची, एक खोटा रुग्ण तयार करायचा, त्याला काल्पनिक ताप आणायचा आणि काय होतं ते बघायचं. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या नमुना-मांडणीत या खोट्या रुग्णाला मिळणारा क्रमांक 'जीएएन' या तीन रोमन अक्षरांनी सुरू व्हायचा. दुसरे पर्यायही होते: एसईएम, एसआयव्ही, बीएएम. ढाक्यात किंवा काठमांडूत बसलेल्या नवख्याला वाटावं, ही काही तांत्रिक लघुरूपं असतील.

ती गावांची नावं आहेत. गनियारी, सेमरिया, शिवतराई आणि बम्हनी. चारही छत्तीसगडच्या जुन्या बिलासपूर जिल्ह्यातली. गनियारी बिलासपूर शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर. बम्हनी पार आत, अचानकमारच्या जंगलात, गोंड आणि बैगा वस्तीत. 'जनस्वास्थ्य सहयोग' या संस्थेचं रुग्णालय गनियारीत आहे आणि बाकीच्या तीन गावांत तिची उपकेंद्रं. प्रणालीचं नाव आणि जंगलातल्या त्या गावाचं नाव एकच. मराठी वाचकाला बहम्नी म्हटलं की गुलबर्ग्याची सल्तनत आठवणार, हसन गंगू आठवणार. त्यांचा इथे काही संबंध नाही. गावात 'बम्हनी' म्हणतात, रोमन लिपीत जाताना ह आणि म यांनी जागा बदलल्या. ब्राह्मण की ब्राम्हण, चिन्ह की चिह्न यावर ज्यांनी शाळेत मार खाल्ला आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मी भिलाईत वाढलो. वडील भंडाऱ्याहून पोलाद कारखान्यात आले, आई वर्ध्याची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. आमच्या सेक्टरमध्ये बंगाली होते, तेलुगू होते, मल्याळी होते, केरळी नर्सबाई होत्या, रशियन इंजिनिअर होऊन गेल्याच्या आठवणी होत्या. भिलाई हे नवख्यांचंच गाव. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि मधल्या चार वर्षांत भातशेतीच्या जागी एक शहर उभं राहिलं, ज्यात कुणाचाच आजा पुरलेला नव्हता. त्यामुळे नवा माणूस समूहात कसा शिरतो, त्याला कोण आत घेतं आणि कोण दारातच उभं करतं, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. पुढे मी संगणकाच्या धंद्यात गेलो आणि तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत भेटला.

छत्तीसगडला मराठी माणूस नवा नाही, हेही जाता जाता सांगतो. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आला. त्यानंतर 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत या मुलखावर नागपूरचा शिक्का होता. पण ते येणं फौजेचं होतं. दुसऱ्या तऱ्हेचं येणं माधवराव सप्र्यांचं. मराठी घरातला हा माणूस 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढतो, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेतो. पेंड्रा अचानकमारच्या जंगलाच्या पलीकडच्या अंगाला. म्हणजे 'बहम्नी'चा मुलूख आणि सप्र्यांचा मुलूख शेजारशेजारचे.

आता रुग्णालयाकडे.

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज येतं दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून, शहराच्या दक्षिणेला सुमारे नव्वद किलोमीटरवर. आम्ही सेक्टरवाले भाग्यवान. वडील कायम नोकर, म्हणून आम्हाला कंपनीचा दवाखाना, कंपनीची शाळा, कंपनीचं पाणी. खाणीत घणाने दगड फोडणारे आणि ट्रक भरणारे हजारो स्त्रीपुरुष मात्र ठेकेदाराचे. खनिज तेच, कारखाना तोच, पण आजारपणात दार वेगळं, आणि बहुतेकदा दारच नाही. 1977 मध्ये या मजुरांनी 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' स्थापन केला. शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते. ते स्वतः एकेकाळी भिलाई कारखान्यातले कामगार. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात कामगार मेले. त्यांच्या स्मरणार्थ 1983 च्या जूनमध्ये दल्ली-राजहऱ्यात 'शहीद अस्पताल' उघडलं.

या रुग्णालयाच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची बांधणी. विटा, गवंडीकाम, पैसा, सगळं संघटनेच्या सभासदांचं. बाहेरची देणगी घ्यायची नाही असा बाणा. बिनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर बाहेरून आले. पण ड्रेसिंग कोण करणार, सलाइन कोण लावणार, सूक्ष्मदर्शकाखाली काच कोण बघणार? खाण कामगार आणि त्यांची मुलं-मुली. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं. पाळी संपवून माणूस दवाखान्यात यायचा आणि शिकायचा. म्हणजे नवखे दोन बाजूंनी आले होते: कलकत्त्याकडून आलेला डॉक्टर खाणीच्या जगात नवखा आणि खाणीतला कामगार वैद्यकाच्या जगात. दोघांनाही एकमेकांकडून शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. याच संघटनेने 1970 च्या दशकाच्या अखेरीस खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला होता. यंत्रं मोडा, असं ती म्हणत नव्हती. तिने अर्ध-यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला: कोणतं काम यंत्राने करावं, कोणतं माणसाच्या हाती ठेवावं, आणि हे ठरवताना ज्याचे हात आहेत त्याला विचारावं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईत नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. ते शहर माझंच. त्या दिवसाबद्दल आमच्या सेक्टरात फार बोललं गेलं नाही, ही गोष्ट मला आजही टोचते.

1983 च्या सप्टेंबरमध्ये, शहीद अस्पताल उघडल्यावर चारच महिन्यांनी, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची प्रणाली सगळ्यांना वाचता यावी, बदलता यावी, वाटता यावी, अशी तिची मागणी. आज आपण जिला मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतो त्या चळवळीची ती एक सुरुवात. दल्ली-राजहऱ्याला स्टॉलमन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, स्टॉलमनला दल्ली-राजहरा ठाऊक असण्याचं त्याहून नव्हतं. योगायोगाला मी योगायोगच म्हणतो. पण दोन्हीकडचा राग एकाच जातीचा आहे: जे आपल्या कामाचं आहे ते आपल्याला उघडून बघता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, याचा राग.

जनस्वास्थ्य सहयोगाची कथा पुढच्या पिढीची. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी 1996 मध्ये ही संस्था स्थापन केली. योगेश जैन, रमण कटारिया, अनुराग भार्गव ही त्यातली काही नावं. पाटबंधारे खात्याच्या ओस पडलेल्या इमारती गनियारीत मिळाल्या आणि 2000 च्या आसपास तिथे बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. क्षयरोग, हिवताप, सिकल सेल, कुष्ठरोग, संधिवाताने खराब झालेली हृदयं, आणि या सगळ्यांच्या बुडाशी भूक. लोक पलीकडच्या मध्य प्रदेशातून, अनुपपूर, डिंडोरीकडून यायचे. गावोगाव आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या, त्यातल्या कित्येकींनी शाळा जेमतेम पाहिलेली. मराठी वाचकाला हे ऐकताना जामखेड आठवेल, जिथे आरोळे दांपत्याने 1970 पासून हेच केलं. गडचिरोली आठवेल, जिथे 'सर्च'च्या आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळांची नोंद इतकी नेटकी ठेवली की 1999 मध्ये तिच्या आधारावर 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापून आला. छत्तीसगड सरकारनेही 2002 मध्ये मितानिन योजना सुरू केली, आणि देशभरची आशा योजना त्यानंतर आली. 'मितान' म्हणजे छत्तीसगढीत विधिपूर्वक जोडलेला मित्र. मितान बदतात, म्हणजे पाणी, फूल, प्रसाद साक्षीला ठेवून परक्या घरातल्या माणसाशी नातं बांधतात, आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळतात. सरकारी योजनेला इतकं चांगलं नाव क्वचित मिळतं.

गनियारीतली अडचण कागदाची होती. रुग्ण जंगलातून दोन दिवस चालून, बस बदलून येतो. वर्षभराने परत येतो. मधल्या काळात त्याचा कागद पावसात भिजलेला असतो किंवा उंदरांनी खाल्लेला. फाइल रुग्णालयात ठेवली तर ती हजारो फाइलींत शोधायची. एकाच गावात एकाच नावाच्या पाच बायका. क्षयाच्या रुग्णाने सहा महिने गोळ्या घेतल्या की दोन महिन्यांनी सोडल्या, हे फाइल सापडली तरच कळणार. वैद्यकात नोंद ही कारकुनी नव्हे, ती उपचाराचाच भाग आहे, हे लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने 1968 मध्ये लिहून ठेवलं होतं.

तर गनियारीत मुक्तस्रोत प्रणाली बसवायची ठरलं. आधी 'रक्षा' नावाच्या प्रकल्पात विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी हात घातला. मग 'थॉटवर्क्स' या कंपनीने आपल्या सामाजिक कामाचा भाग म्हणून बंगळूरहून एक चमू बसवला, आणि 2013 च्या सुमारास गनियारीत 'बहम्नी' चालू लागली. परवाना असा निवडला की जो कुणी तिच्यात सुधारणा करून ती इतरांना वापरायला देईल, त्याने सुधारणाही उघड्या ठेवल्या पाहिजेत.

'बहम्नी' शून्यातून लिहिलेली नाही. तिचा गाभा 'ओपनएमआरएस'. तो जन्मला 2004 मध्ये, अमेरिकेतल्या इंडियानाच्या रीगनस्ट्रीफ संस्थेतले बर्क मॅमलिन आणि पॉल बायॉन्डिच, आणि बॉस्टनच्या 'पार्टनर्स इन हेल्थ'मधले हॅमिश फ्रेझर यांच्या प्रयत्नांतून. निमित्त केनियातल्या एल्डोरेटचं. एचआयव्हीची साथ एवढी फोफावली होती की आधीची छोटी नोंदप्रणाली कोलमडायला आली होती. 2006 मध्ये ओपनएमआरएस एल्डोरेटला सुरू झालं, त्याच वर्षी रवांडात. 'बहम्नी'ने या गाभ्याला प्रयोगशाळेसाठी 'ओपनएलिस' जोडलं, बिल आणि औषधसाठ्यासाठी बेल्जियममध्ये जन्मलेली 'ओडू', एक्स-रेसाठी आणखी एक. या सगळ्या स्वतंत्र वाड्या. एकीत काही घडलं की ती उंबऱ्यावर चिठ्ठी ठेवते, दुसरी येऊन ती वाचते. गनियारीतल्या बाईच्या रक्ताचा अहवाल अशा चिठ्ठ्यांवरून डॉक्टरांच्या पडद्यावर पोचतो.

ओपनएमआरएसच्या गाभ्यात एक चीज आहे, तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण साहित्याच्या वाचकाला तीच जास्त रुचेल. तिला म्हणतात संकल्पनाकोश. साध्या प्रणालीत वजनासाठी एक रकाना असतो, तापासाठी एक. नवा प्रश्न विचारायचा झाला की प्रोग्रॅमरला बोलावून नवा रकाना पाडून घ्यावा लागतो. ओपनएमआरएसने रकानेच काढून टाकले. तिथे प्रत्येक नोंद म्हणजे एक वाक्य: अमक्या माणसाच्या बाबतीत, अमक्या दिवशी, अमक्या संकल्पनेचं उत्तर अमुक. आणि संकल्पना राहतात शब्दकोशात. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीला अनेक भाषांत नावं, पर्यायी नावं, लघुनावं. किलोतलं वजन म्हणजे 5089, उंची म्हणजे 5090. कोलंबिया विद्यापीठाच्या अँड्र्यू कँटर यांच्या देखरेखीखाली जो सामाईक कोश वाढला, त्यात आज पन्नास हजारांहून अधिक संकल्पना आहेत. नवा प्रश्न हवा? प्रोग्रॅमर नको. कोशात शब्द घाला.

हा कोशकाराचा व्यवहार आहे, आणि कोशकाराचे सगळे छळ त्यात आहेत. मराठीत आपल्याला नुसता ताप येत नाही. कणकण असते, कसर असते, अंग मोडून येतं, फणफणतो. आजी 'अंग कोमट लागतंय' म्हणते तेव्हा ती आणखी एक पायरी सांगत असते. कोशात या सगळ्यांना एकच क्रमांक द्यायचा की चार? एक दिला तर रुग्णाने जे सांगितलं त्यातलं काही गळलं. चार दिले तर मोजणीच्या वेळी हिवतापाचे रुग्ण चार टोपल्यांत विखुरले. मोल्सवर्थला 1831 मध्ये आणि दात्यांना 1930 च्या दशकात हेच प्रश्न पडले असणार, फरक एवढाच की त्यांच्या चुकीने कुणाला चुकीची गोळी जात नव्हती.

म्हणूनच या समूहात नवख्याला आत घेणं नाजूक काम आहे. खेळाच्या प्रणालीत नवख्याने चूक केली तर सोंगटी भिंतीतून आरपार जाते. इथे दशांशचिन्ह एक घर सरकलं तर सहा किलोच्या बाळाला साठ किलोच्या माणसाचा डोस जातो. दारावर पहारा हवा. पण पहारा इतका कडक झाला की नवं कुणी आतच येत नाही, तर दहा वर्षांनी जुने थकतात, नोकऱ्या बदलतात, आणि ज्या रुग्णालयांनी विश्वासाने आपल्या लाखभर नोंदी त्या प्रणालीत ठेवल्या, ती उघडी पडतात. फुकट प्रणालीचा खर्च असा मागून येतो.

ओपनएमआरएसने यावर काढलेली तोड मला शहीद अस्पतालाच्या जवळची वाटते. सोप्या कामांना वेगळी खूण केली: नवख्यासाठी राखीव. आमच्या भाषेत त्याला तिकीट म्हणतात. एक तिकीट उचलायचं, बदल लिहायचा, जुन्या जाणत्याने तो ओळीओळीने तपासायचा, चुका दाखवायच्या, परत पाठवायचा. दोन-तीनदा हेलपाटा झाला की तो मुख्य प्रणालीत मिसळतो. कोण किती पायऱ्या चढला हे उघड दिसावं म्हणून पाच पायऱ्यांची शिडी केली. वरच्या पायरीवर चढायचं तर नुसता कोड लिहून भागत नाही, खालच्यांना हात द्यावा लागतो. 2007 पासून गूगलच्या उन्हाळी कार्यक्रमातून विद्यार्थी येऊ लागले, त्यात भारत आणि श्रीलंकेतले पुष्कळ. 2022 पासून त्या कार्यक्रमाला विद्यार्थी असण्याची अट उरली नाही. भाषांतर हेही एक दार आहे: ट्रान्सिफेक्स नावाच्या जागी पडद्यावरचे शब्द एकेक करून आपल्या भाषेत आणता येतात, त्याला जावा यावी लागत नाही. मला वाटतं, ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांनी या दाराकडे एकदा बघावं. 'फॉलो-अप'ला मराठीत काय म्हणायचं यावर अर्धा दिवस घालवून बघा. मी 'फेरतपासणी' लिहिलं होतं; एका परिचारिकेने सांगितलं, आमच्याकडे सगळे 'परत दाखवायला या' म्हणतात. तिचं बरोबर होतं, पण बटणावर ते मावेना.

शिडी चांगली आहे, पण ती कुणासाठी उभी आहे, हा प्रश्न राहतो. उन्हाळ्यात येणारा विद्यार्थी बहुतेकदा उन्हाळ्यातच जातो. त्याला नावावर एक ओळ हवी असते, नोकरीच्या अर्जात घालायला. यात पाप नाही. मीही तेच केलं. एका प्रकल्पात, नाव घेत नाही, मी पाठवलेला पहिला बदल अकरा आठवडे कुणी उघडूनही पाहिला नाही. मग एक दिवस दोन शब्दांचं उत्तर आलं: गरज नाही. चूक कुठे झाली हे कुणी सांगितलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच मुक्तस्रोत प्रकल्पाकडे फिरकलो नाही. माझं काही बिघडलं नाही, मला पगार होता. पण भिलाई-दुर्गच्या कॉलेजातून, घरात पहिल्यांदाच इंजिनिअर होऊ घातलेल्या, इंग्रजीत वाक्य जुळवताना घाम फुटणाऱ्या मुलीला असं उत्तर मिळालं तर ती परत येत नाही. आणि तीच तर छत्तीसगढी ऐकून समजू शकली असती. 2016 मध्ये भिलाईला आयआयटी मिळाली, आधी रायपूरच्या उसन्या जागेत, 2023 मध्ये दुर्गजवळ कुटेलाभाट्याला स्वतःच्या आवारात. गनियारी तिथून सुमारे दीडशे किलोमीटर. अंतर फार नाही. मुलं मात्र आजही बंगळूरमार्गे गनियारीला पोचतात.

आणि ज्यांची नावं कुठल्याच शिडीवर चढत नाहीत, त्यांचं काय? कोणत्याही रुग्णालयात प्रणाली बसली की खरी नवखी असते नोंदणीच्या खिडकीवरची व्यक्ती. सकाळी साडेआठला रांग दारापर्यंत गेलेली, समोर घुंघट घेतलेली बाई, तिला वय माहीत नाही, गावाचं नाव ती एक सांगते आणि महसुली नोंदीत दुसरं असतं. या खिडकीवरून 'बहम्नी'ला घडण मिळाली. गावाच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकली की गाव, तहसील, जिल्हा आपोआप भरले जावेत. जन्मतारीख ठाऊक नसेल तर अंदाजाने वर्षं लिहून पुढे जाता यावं. वीज गेली, इंटरनेट गेलं तरी रुग्णालयातल्याच एका खोलीतल्या सर्व्हरवर काम चालू राहावं. शहरातल्या टेबलाशी बसून हे सुचत नाही. रांगेसमोर बसलेल्याला सुचतं, तो ते बोलून दाखवतो, आणि प्रोग्रॅमर टिपून घेतो. इतिहासात नाव प्रोग्रॅमरचं राहतं, कारण कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे प्रणालीच्या बखरीत आपोआप नोंदलं जातं. ओळ कुणी सुचवली याची बखर नाही.

इथे मला खाणीतला तो अर्ध-यांत्रिकीकरणाचा आराखडा आठवतो. संगणक आल्यावर डॉक्टर रुग्णाकडे बघायचं सोडून पडद्याकडे बघतो, ही तक्रार जगभर आहे आणि ती खरी आहे. तेव्हा प्रश्न तोच: नोंदीतलं कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणतं हाताने ठेवायचं? नाडीवरचा हात हातानेच. फाइल शोधणं यंत्राला. यात माझं काही नवं नाही. नियोगींच्या संघटनेने खनिजाबद्दल जे विचारलं ते मी कागदाबद्दल विचारतो आहे. फक्त विचारायचं कुणाला, तर खिडकीवरच्या माणसाला, हे आपण सोयीने विसरतो.

'बहम्नी' पुढे गनियारीतून बाहेर पडली. नेपाळच्या सुदूर पश्चिमेतल्या अछाम जिल्ह्यातल्या बयलपाटा रुग्णालयात गेली, बांगलादेशच्या सरकारी रुग्णालयांत गेली, जॉर्डनमध्ये अम्मानला, जिथे 'मेडिसाँ साँ फ्राँतिए'चे शल्यविशारद युद्धात जखमी झालेल्यांचे चेहरे आणि हातपाय दुरुस्त करतात, तिथे गेली. एका कंपनीने सुरू केलेलं काम पुढे अनेक संस्थांच्या आघाडीने वाटून घेतलं. तिच्यातल्या काही अनुभवी मंडळींनी बंगळूरला 'समन्वय'मधून 'अवनी' ही दुसरी मुक्तस्रोत प्रणाली उभी केली. ती रुग्णालयासाठी नाही, गावात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या हातातल्या मोबाइलसाठी, आणि तीही गनियारीच्या गावांत चालते. 2021 मध्ये केंद्र सरकारचं डिजिटल आरोग्य अभियान देशभर लागू झालं, तेव्हा 'बहम्नी'लाही त्या सरकारी व्यवस्थेशी जोडण्याचं काम निघालं. तेही काम पुन्हा नव्या मुलांच्या हाती. गरिबाचा आजार देशभरच्या जाळ्यात उघडा पडणार नाही, याची काळजी त्यातला किती भाग आहे, हे मी डोळ्यांत तेल घालून बघत असतो. सिकल सेलची नोंद चुकीच्या हाती पडली की मुलीचं लग्न मोडतं, हे छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाचीने, पुण्याला दुसऱ्या वर्षाला आहे, फोन केला. "मामा, एक जुनी प्रत बसवली आहे, पेशंट रजिस्टर केला, तर नंबर आला जीएएनने. हे काय असतं?" मी म्हटलं, "गाव आहे. आपल्याकडचं." ती हसली, तिला वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करतोय. मग तिने नकाशा उघडला, बिलासपूर शोधलं, कोट्याच्या दिशेने बोट सरकवलं आणि म्हणाली, "अगं बाई, खरंच की." पुढच्या पानावर मार्गदर्शिका तिला सांगत होती की तुमचं स्वतःचं रुग्णालय बसवायचं असेल तर हा क्रमांक बदला, इथे आपल्या ठिकाणाची अक्षरं घाला. तिला सुचेना. भिलाईची घालू का, म्हणून तिने विचारलं.